पार्श्वभूमी : नीत्शेच्या नावावर खपलेले पुस्तक

'देव मेला' हे वाक्य आणि नाझींशी जोडले गेलेले नाव, जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेची ओळख बहुधा एवढ्यावरच आटोपते. त्यातले वाक्य आहे १८८२ च्या पुस्तकातले. भर सकाळी कंदील पेटवून बाजारात देवाला शोधणाऱ्या वेड्याच्या तोंडी ते येते, आणि त्याला हसणाऱ्या घोळक्यातले बरेच जण आधीच नास्तिक आहेत. त्यात विजयाचा सूर नाही, धास्ती आहे.

नाझींचे प्रकरण मात्र रीतसर घडवले गेले. जानेवारी १८८९ मध्ये इटलीतल्या तुरिनला नीत्शे मानसिकदृष्ट्या कोसळला. १९०० मध्ये मृत्यू येईपर्यंत तो सावरला नाही. ज्यूद्वेष्ट्या नवऱ्यासोबत पॅराग्वेत 'शुद्ध' जर्मनांची वसाहत वसवायला गेलेली त्याची बहीण नवऱ्याच्या आत्महत्येनंतर काही वर्षांनी परतली, आणि भावाच्या कागदपत्रांचा ताबा तिच्याकडे गेला. मग टिपणवह्यांतले ४८३ उतारे निवडून १९०१ मध्ये त्याच्या नावावर 'विल टू पॉवर' (सत्तेची इच्छा) हे पुस्तक छापले गेले. १९०६ च्या आवृत्तीत उतारे १,०६७ झाले, आणि हाच त्याचा मुख्य ग्रंथ असा डंका पिटला गेला.

असे पुस्तक लिहिण्याचा त्याचा विचार होता, हे खरेच. त्याने आराखडेही बरेच केले होते. संपादकांनी त्यातला मार्च १८८७ चा एक उचलला. पण १८८८ च्या सप्टेंबरपर्यंत त्याने हा बेतच सोडून दिला होता आणि त्यातला बराच मजकूर दुसऱ्या पुस्तकांत वापरला होता. त्या वर्षाच्या सुरुवातीला त्याने स्वतः क्रमांक घातलेल्या ३७४ टिपणांपैकी १०४ 'विल टू पॉवर'मध्ये घेतलीच नाहीत. लेखकाने टाकलेले उचलायचे आणि त्याने निवडलेले गाळायचे, याला संपादन म्हणता येत नाही.

पत्रांचेही तसेच. आईला लिहिलेली पत्रे आपल्यालाच आली होती असे बहिणीने दाखवले, हे १९५० च्या दशकात उघड झाले. १८८७ च्या नाताळात तिच्या ज्यूद्वेष्ट्या सोयरिकीबद्दल भावाने तिला संतापून लिहिले होते. १९३५ मध्ये तिच्या अंत्यविधीला हिटलर हजर होता. टिपणे तारखेच्या क्रमाने, जशीच्या तशी वाचायला मिळाली ती १९६७ पासून निघालेल्या चिकित्सक आवृत्तीत.

मात्र सगळे खापर बहिणीवर फोडणे हाही आता एक गैरसमज होऊन बसला आहे. मनूच्या कायद्याची स्तुती नीत्शेने १८८८ मध्ये स्वतःच्या हाताने लिहिली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या पुस्तकात चांडाळांवरच्या नियमांचे वर्णन आहे: नदी, विहीर, तळे वर्ज्य, पाणी घ्यायचे ते दलदलीच्या काठचे आणि जनावरांच्या पावलांच्या खड्ड्यांत साचलेले. तिथे तो हे नियम भयंकर आहेत असे म्हणतो, आणि तरीही जातिव्यवस्थेला ख्रिस्ती नीतीपेक्षा वरचढ मानतो. त्याने वाचलेले फ्रेंच भाषांतरही भरवशाचे नव्हते. पण स्तुती त्याचीच आहे, कोणी घुसवलेली नाही. हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरच्या लेखनात बाबासाहेबांनी नीत्शेला मनूच्या शेजारी ठेवून तपासले, ते याच मजकुराच्या आधारे.