सैन्यदलात पायलट व्हायचंय? मग आधी दल ठरवा

‘पायलट व्हायचंय’ म्हणणाऱ्या बहुतेक मुलांच्या डोळ्यांसमोर सुखोईच असतं. पण वैमानिक भूदलातही असतात आणि नौदलातही. शिवाय हवाई दलात गेलेल्या प्रत्येकाला लढाऊ विमान मिळतंच असं नाही. कुणाला मालवाहू विमान मिळतं, कुणाला हेलिकॉप्टर. ते ठरतं प्रशिक्षणातल्या कामगिरीवर आणि दलाच्या गरजेवर. म्हणून अर्ज भरण्याआधी स्वतःला विचारा, लढाऊ विमान नाही मिळालं तरी हेच दल हवंय का?

भूदलाच्या आर्मी एव्हिएशनमध्ये मुख्यतः हेलिकॉप्टरं आहेत. १९८६ साली सुरू झालेल्या या विभागाची प्रशिक्षण शाळा आपल्या नाशिकला आहे. २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक इथूनच या विभागातली पहिली महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडली. नौदलात समुद्रावर लांब गस्त घालणारी पी-८आय विमानं आहेत, हेलिकॉप्टरं आहेत आणि विमानवाहू जहाजावरून उडणारी मिग-२९के लढाऊ विमानं सुद्धा. गोव्यात दाबोळीला उतरणाऱ्या प्रवाशांना ती कधीकधी दिसतात. हलत्या जहाजावर विमान उतरवायची हौस असेल तर दुसरीकडे बघूच नका.

आता पात्रता. खरा निर्णय अकरावीच्या प्रवेशालाच होतो. खडकवासल्याच्या एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दलात किंवा नौदलात जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. भूदलासाठी कुठलीही शाखा चालते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. नेमक्या जन्मतारखा जाहिरातीत दिलेल्या असतात. परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. लेखी ९०० गुणांची, त्यात गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. मुलाखतीलाही तेवढेच ९००. मुलींनाही २०२२ पासून खडकवासल्याचं दार उघडलंय. अर्जात दलांचा पसंतीक्रम विचारतात. तो सायबर कॅफेवाल्याला भरू देऊ नका.

पदवीनंतरचा एक रस्ता म्हणजे ॲफकॅट, हवाई दलाची प्रवेश परीक्षा. बारावीला गणितात आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी ५० टक्के, पदवीला ६० टक्के, आणि कोर्स सुरू होताना वय २० ते २४. व्यावसायिक पायलट परवाना असेल तर २६ पर्यंत सूट. या मार्गाने मिळणारी नेमणूक १४ वर्षांची असते. एनसीसीच्या एअर विंगचं ‘सी’ प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीचीही सोय आहे. नौदलाच्या अल्पसेवा (ठरावीक वर्षांच्या नेमणुकीच्या) पायलट प्रवेशाला मात्र बीई किंवा बीटेक हवं.

मुलाखतीसाठी निवड मंडळाकडे मुक्काम असतो, त्यातच सीपीएसएस ही वैमानिक क्षमतेची चाचणी होते. यंत्रांचे डायल वाचणं, हात-पाय-डोळे एकाच वेळी चालवणं असा तिचा प्रकार. ही आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर वैमानिक शाखेचं दार कायमचं बंद, दल कुठलंही असो. त्यामुळे ‘सहज बघून येऊ’ म्हणून जाणं महागात पडतं. इतर शाखांसाठी मुलाखती पुन्हा देता येतात, ही चाचणी नाही.

वैद्यकीय तपासणीत हवाई दलाच्या वैमानिकाला किमान १६२.५ सेंमी उंची लागते. पण मोजमाप तिथे संपत नाही. पायाची लांबी ९९ ते १२० सेंमी, बसून उंची ८१.५ ते ९६, मांडीची लांबी ६४ पर्यंत. कॉकपिटमध्ये शरीर बसलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. रंगांधळेपणा चालत नाही. डोळे आणि पाय आधीच डॉक्टरकडून मोजून घेतलेत तर वर्ष वाया जाणार नाही.

कागदपत्रांत दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र (जन्मतारीख यावरूनच धरतात), बारावीची गुणपत्रिका किंवा शिकत असल्यास बोनाफाईड, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, आधार आणि फोटो. मुलाखतीला मूळ प्रती न्याव्या लागतात. आपल्याकडचा नेहमीचा घोळ नावाचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. अर्जात दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच नाव लिहा, आणि स्पेलिंगमध्ये फरक असेल तर आधार आधी दुरुस्त करून घ्या.

मूल अजून दहावीत असेल तर राज्य सरकारच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा बघा. मुलांसाठी ती छत्रपती संभाजीनगरला आहे, मुलींसाठी नाशिकला. तिथे अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून घेतात.