शॅमेलिऑनच्या पिल्लाचे नेत्रविकार व संगोपन

पाळीव शॅमेलिऑनच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याच्या, पिल्लांत पहिल्या काही महिन्यांत डोळ्यांच्या तक्रारी फार आढळतात. पिल्लू भरदिवसा डोळे मिटून बसते, डोळ्याभोवती सूज येते, पापणी चिकटते किंवा डोळा खोबणीत आत ओढल्यासारखा दिसतो. या नोंदीतील माहिती मुख्यतः व्हेल्ड शॅमेलिऑन या जातीची आहे, कारण जगभर नवशिक्यांच्या घरी बहुधा याच जातीचे पिल्लू येते. शास्त्रीय नाव कॅमेलिओ कॅलिप्ट्रेटस. मूळ प्रदेश येमेन व सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य भाग. जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८५१ मध्ये झाले. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असतो. मादी एका वेळी कित्येक डझन अंडी घालते आणि बंदिवासात प्रजनन सहज होते, त्यामुळे विक्रीला येणारी पिल्ले बहुतेक पिंजऱ्यातच जन्मलेली असतात. पाळणाऱ्यांकडून सुटलेल्या प्राण्यांपासून अमेरिकेतील फ्लॉरिडात व हवाई बेटांवर या जातीच्या वसाहतीही झाल्या आहेत.

पिल्लाचा डोळा मिटलेला दिसला की पाळणारा आधी डोळ्यांत घालायच्या थेंबांचा शोध घेतो. जाणते पाळणारे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे वैद्य मात्र आधी पिंजरा कसा आहे ते विचारतात, आणि तोच क्रम योग्य आहे. पाणी, खाद्य किंवा दिवा यांपैकी काहीतरी चुकत असते आणि ते सर्वांत आधी डोळ्यावर दिसते. चूक तशीच ठेवून थेंब घातले तर दुखणे परत येते.

डोळ्याची रचना : शॅमेलिऑनची वरची व खालची पापणी जोडलेली असते. तिचा खवल्यांनी मढलेला शंकू बनतो आणि टोकाला जेमतेम बाहुलीएवढे भोक उरते. दोन्ही डोळे एकमेकांशी संबंध नसल्यासारखे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. कीटक दिसला की दोन्ही पुढे वळतात आणि मग जीभ सुटते. भक्ष्य किती दूर आहे याचा अंदाज हा प्राणी डोळ्याचे भिंग त्या वस्तूवर नेमके जुळवताना घेतो. संशोधक हार्कनेस यांनी १९७७ मध्ये शॅमेलिऑनच्या डोळ्यांपुढे भिंगे बसवून हे दाखवले : भिंगामुळे जिभेचा नेम ठरावीक प्रमाणात चुकत गेला. पुढे १९९५ मध्ये ओट व शेफेल यांनी दाखवून दिले की या डोळ्यातील भिंग इतर प्राण्यांप्रमाणे किरण एकत्र आणत नाही, उलट पसरवते. त्यामुळे पडद्यावरची प्रतिमा मोठी होते आणि अंतर अचूक कळते.

पाळणाऱ्याच्या दृष्टीने या रचनेला फार महत्त्व आहे. अंतर एका डोळ्यानेही कळत असल्यामुळे एक डोळा मिटलेले पिल्लू काही दिवस शिकार करत राहते आणि ‘खाते आहे म्हणजे बरे आहे’ असा समज होतो. दुसरा डोळा मिटला की खाणे एकदम थांबते. शॅमेलिऑन वासाने किंवा चाचपडून खाद्य शोधत नाही. दिसले नाही तर समोर रातकिडा चालत असूनही ते उपाशी राहते. जन्मतः एखाद-दोन ग्रॅम वजनाच्या जिवाकडे साठा नसतोच, त्यामुळे दोन्ही डोळे मिटलेल्या पिल्लाच्या बाबतीत ‘आठवडाभर बघू’ म्हणायला वाव नाही.

नेहमीची सफाई आणि आजार : निरोगी शॅमेलिऑन स्वतःचे डोळे स्वतः धुते. पिंजऱ्यात पाण्याचा फवारा झाला की शंकू हळूहळू फुगतो, आतले बुबुळ गोल फिरताना बाहेरून कळते, मग पिल्लू तो डोळा फांदीवर घासते. क्षणभर डोळा इतका टरारतो की पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मिनिटभरात सगळे पूर्ववत होते. हे घाबरण्यासारखे नाही. दिवसभर तोच डोळा पुन्हापुन्हा घासणे, सफाईनंतरही तो बंद राहणे, एका बाजूला फुगवटा टिकणे, भोकाशी पांढरट किंवा पिवळट चिकट पदार्थ दिसणे, ही मात्र आजाराची लक्षणे आहेत. रात्री झोपताना डोळे मिटणारच. दिवसा, दिवा चालू असताना मिटलेले डोळे कधीच स्वाभाविक नसतात.

कारणे : सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे पाणी कमी पडणे. शॅमेलिऑन वाटीतले साठलेले पाणी सहसा ओळखत नाही. पानावरून ओघळणारा थेंब त्याला दिसतो आणि तो ते चाटते. वाटी भरून ठेवणारा माणूस आपण पाणी दिले असे प्रामाणिकपणे समजत असतो आणि पिल्लू तहानेने सुकत असते. डोळे आत जातात, विष्ठेसोबत येणारा युरेटचा (घट्ट लघवीचा) पांढरा भाग गडद पिवळा किंवा नारिंगी होतो. डोळा ओला राहिला नाही की त्यात गेलेला कणही धुऊन निघत नाही.

दुसरे मोठे कारण अ जीवनसत्त्वाची कमतरता. ती असली की डोळ्याभोवतीच्या ग्रंथींचे व नलिकांचे मऊ अस्तर जाड आणि खरखरीत होते, स्राव अडतो, पापण्या सुजतात आणि त्यावर जंतूंचा संसर्ग होतो. जीभ भक्ष्याला नीट न चिकटणे, श्वसनाचे विकार, कात अर्धवट सुटणे हीही लक्षणे सोबत दिसतात. येथे एक घोटाळा नेहमी होतो. गाजर-भोपळ्यातील बीटा-कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व पुरेसे बनवण्याची क्षमता कीटकभक्षी सरड्यांत असतेच असे नाही, म्हणून पूरक भुकटीत रेटिनॉल, म्हणजे तयार अ जीवनसत्त्व, आहे का हे डबीवर वाचून घ्यावे लागते. पण ‘जास्त दिले तर लवकर बरे होईल’ हा विचार घातक आहे. हे जीवनसत्त्व शरीरात साठते, अति झाल्यास त्वचा सोलवटते आणि ड जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा येतो. त्याचे इंजेक्शन घरी द्यायची गोष्टच नाही.

तिसरे कारण दिवा. शॅमेलिऑनला कॅल्शियम पचवण्यासाठी अतिनील-ब (यूव्ही-बी) किरण लागतात. मात्र चुकीच्या तरंगलांबीच्या किंवा फार जवळ बसवलेल्या दिव्याने डोळ्याचा पारदर्शक पडदा भाजतो. काही गुंडाळीच्या छोट्या दिव्यांमुळे असे झाल्याचे पूर्वी आढळले आहे. नवा दिवा लावल्यावर एक-दोन दिवसांत दोन्ही डोळे एकदम मिटले, तर संशय आधी दिव्यावर घ्यावा आणि तो बंद करावा.

याखेरीज तळाशी पसरलेल्या काथ्याचे तंतू, रबराच्या जातीच्या झाडाचा चीक, कात टाकताना शंकूवर अडकलेली कड आणि रात्री पिंजऱ्यात मोकाट राहिलेल्या रातकिड्यांचे चावे हीही कारणे असतात. जंतुसंसर्गात गळू होऊ शकते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू माणसासारखा पातळ नसून पनीरासारखा घट्ट असतो. तो दाबून निघत नाही, शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. तोंडाच्या कोपऱ्याजवळची ग्रंथी सुजली तरी डोळ्याखाली फुगवटा दिसतो.

संगोपन : पिल्लू एकटे ठेवावे. दोन-तीन महिन्यांची भावंडे एकत्र असली की दबकी पिल्ले खाणे-पिणे सोडतात, आणि ती भांडली नाहीत तरी नुसते सतत समोर दिसणेही त्यांना जाचते. पिंजरा हवेशीर, बहुतेक जाळीचा, तळ मोकळा. आत मनी प्लांट, जास्वंद अशी दाट पानांची झाडे आणि पिल्लाच्या पंजात मावतील अशा बारीक फांद्या. ऊब घेण्याच्या जागी २७ ते २९ अंश सेल्सियस पुरे, पिंजऱ्याचा बाकी भाग त्याहून थंड, रात्री तापमान आणखी उतरलेले चालते. पिल्लू लहान असल्यामुळे फार लवकर तापते, म्हणून मोठ्यांसाठीचा उष्ण दिवा त्याला लावू नये. अतिनील दिवा लांब नळीचा, बसण्याच्या फांदीपासून साधारण २० ते ३० सेंटिमीटरवर, दिवसाला १२ तास. रात्री पूर्ण काळोख, लाल किंवा निळा दिवाही नको. नळी उजेड देत राहते तरी तिचे किरण क्षीण होत जातात, त्यामुळे सहा महिने ते वर्षभरात ती बदलतात.

सकाळी दिवे लागण्याच्या सुमारास आणि संध्याकाळी काही मिनिटे फवारा आणि दिवसा पानांवर थेंब-थेंब पडणारे पाणी, एवढ्याने निम्म्या तक्रारी टळतात. दोन फवाऱ्यांच्या मध्ये पाने वाळली पाहिजेत. सतत ओल्या पिंजऱ्यात जंतू वाढतात. खाद्य म्हणून लहान रातकिडे, फळमाश्या, छोटी झुरळे; आकार पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा. रोज, शक्य तर दोनदा. किड्यांना आदल्या दिवशी ताजा भाजीपाला खाऊ घालावा. बहुतेक जेवणांत किड्यांवर ड जीवनसत्त्व नसलेल्या कॅल्शियमची हलकी भुकटी आणि साधारण पंधरवड्यातून एकदा अ व ड असलेली मिश्र भुकटी. ‘हलकी’ हा शब्द महत्त्वाचा, कारण पिठात घोळल्यासारखा पांढरा झालेला किडा पिल्लू नाकारते आणि ती पूड डोळ्यातही जाते.

कायदा : भारतात आढळणारा शॅमेलिऑन वेगळ्या जातीचा आहे. महाराष्ट्रात त्याला घोयरा किंवा सरडगुहिरा म्हणतात. तो पूर्णपणे बिनविषारी असूनही भीतीपोटी मारला जातो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे. तो पकडणे व पाळणे गुन्हा आहे. जखमी घोयरा सापडल्यास वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. व्हेल्ड शॅमेलिऑन आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या साइट्स करारातील दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची परिवेश या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी आवश्यक आहे.

उपचार : डोळा बिघडल्याचे दिसताच फवाऱ्याचा वेळ वाढवणे, शंकेचा दिवा बंद करणे आणि निर्जंतुक सलाइनचे एक-दोन थेंब हलकेच सोडणे एवढेच घरी करण्यासारखे आहे. पापणी बोटाने किंवा काडीने उघडू नये. घरात माणसांसाठी आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब मुळीच घालू नयेत. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर व्रण असेल तर तो त्यामुळे चिघळतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. वैद्य फ्लुओरेसीन रंग घालून व्रण आहे का ते पाहतात, नलिका धुतात, गरज भासल्यास प्रतिजैविक देतात. जाताना पिंजऱ्याची छायाचित्रे, दिव्याचे नाव आणि पूरक भुकट्यांच्या डब्या सोबत न्याव्यात. निदान बहुधा त्यांतूनच होते.

बरे होत असलेल्या पिल्लाला पाठलाग करायला लावू नये. उथळ पेल्यात थोडे किडे ठेवून पेला त्याच्या फांदीशी टांगावा. रोज त्याच वेळी ग्रॅमच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. डोळा उघडण्याच्या आधी बहुधा वजन सावरू लागते. उघडलेला डोळा पहिले दोन-तीन दिवस अर्धवटच राहतो आणि जीभ नेमापासून चुकते. तेवढे दिवस किडा सावकाश फिरणारा द्यावा.