बायपोलर की बॉर्डरलाइन? मूड दोन्हीकडे बदलतो, पण उपचार आणि थेरपिस्टचं काम वेगळं असतं

माझ्याकडे येणारे घरचे लोक बरेचदा पहिल्याच भेटीत म्हणतात, "हिचे मूड स्विंग्ज फार आहेत, आम्ही नेटवर वाचलं, बायपोलरच असणार." कधी हातात जाडजूड फाइल असते, चार वर्षांची प्रिस्क्रिप्शन्स, दोन मूड स्टॅबिलायझर, एक झोपेची गोळी, आणि या चार वर्षांत त्या मुलीशी कुणी सलग पाऊण तास बसून बोललेलं नसतं. मी सायकॉलॉजिस्ट आहे, गोळ्या लिहून देत नाही आणि गोळ्यांच्या विरोधात तर अजिबात नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी आपल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, विशेषतः लिथियम (बायपोलरचं एक मुख्य औषध) अचानक थांबवलं तर आजार जोरात उलटू शकतो.

पण हा घोळ खरा आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या एका अभ्यासात (२०१०) बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असलेल्या पेशंट्सना विचारलं, तर जवळजवळ ४० टक्क्यांनी सांगितलं की आधी कधीतरी त्यांना बायपोलरचं चुकीचं निदान मिळालं होतं. आपल्याकडे ओपीडीत एका पेशंटला जी दहा मिनिटं मिळतात त्यात "मूड बदलतो का?" एवढंच विचारलं तर दोन्ही आजारांचे पेशंट "हो" म्हणणार, मग फरक कळणार कसा?

आधी नावाचं बघू, कारण मराठी घरात 'बॉर्डरलाइन' शब्दाने हमखास गैरसमज होतो. शुगर बॉर्डरलाइनवर आहे म्हणजे अजून डायबेटिस नाही, पोरगा बॉर्डरवर पास झाला म्हणजे थोडक्यात वाचला, तसंच इथेही 'थोडासाच आजार' असेल असं लोकांना वाटतं. तसं नाहीये. १९३८ मध्ये अॅडॉल्फ स्टर्न नावाच्या मनोविश्लेषकाने हा शब्द वापरला तो न्यूरोसिस (चिंता, भीती यांचे तुलनेने सौम्य त्रास) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) यांच्या सीमेवरचे पेशंट या अर्थाने. पुढे १९८० साली अमेरिकेच्या डीएसएमच्या, म्हणजे मानसिक आजारांचे निकष देणाऱ्या पुस्तकाच्या, तिसऱ्या आवृत्तीत ते अधिकृत निदान झालं. ती सीमारेषेची कल्पना मागे पडली, नाव तेवढं चिकटून राहिलं. त्रास मात्र थोडासा नसतो, माणूस आतून होरपळत असतो.

आता मुख्य फरक. बायपोलर कॅलेंडरवर चालतो आणि बॉर्डरलाइन घड्याळावर, मी घरच्यांना असंच सांगते. बायपोलरमध्ये मेनिया (मूड आणि ऊर्जा अफाट चढलेली अवस्था) म्हणायला निदान ७ दिवस (किंवा अॅडमिट करायची वेळ आली तर त्याहून कमीही), हायपोमेनिया (त्याचंच सौम्य रूप) म्हणायला सलग ४ दिवस, आणि डिप्रेशनचा एपिसोड म्हणायला २ आठवडे ती अवस्था टिकावी लागते. आणि नुसता मूड नाही, सगळं शरीरच वेगळ्या गियरमध्ये जातं. तीन तास झोपून माणूस पहाटे चारला उठतो आणि थकलेला नसतो, कपाटं रिकामी करतो, नवीन धंद्याचा प्लॅन, एफडी मोडून पैसे गुंतवणं, बोलणं इतकं भरभर की समोरच्याला एक शब्द मध्ये घालता येत नाही. असा एपिसोड कधी जागरणानंतर, कधी बाळंतपणानंतर, कधी काहीच कारण नसताना सुरू होतो आणि एकदा सुरू झाला की आपल्या चालीने चालतो, कुणी प्रेमाने बोललं म्हणून संध्याकाळी उतरत नाही. दोन एपिसोडच्या मध्ये मात्र बरेचदा आपला तोच जुना दादा, तीच आत्या परत आलेली असते.

बॉर्डरलाइनमध्ये सकाळी नऊला ठीक, अकराला बॉयफ्रेंडने मेसेज वाचूनही उत्तर दिलं नाही, साडेअकराला "तो मला सोडणार, मी आहेच तशी", बाराला प्रचंड राग, दोनला स्वतःला इजा करावीशी वाटणं, आणि चारला त्याचा फोन आला, मीटिंगमध्ये होतो म्हणाला, की पाचला सगळं शांत आणि वर स्वतःचीच लाज. हे तासांचं गणित आहे आणि जवळजवळ प्रत्येक लाटेच्या मुळाशी एखादं नातं असतं, कुणीतरी दूर जातंय अशी भीती. डीएसएममध्ये ९ निकष आहेत, त्यातले ५ लागतात. सोडून जाण्याची भीती, आज देव उद्या राक्षस अशी नाती, मी कोण आहे तेच न कळणं, आत कायमचं रिकामपण, हे त्यातलेच. हा एपिसोड नसतो, बारा महिने तेरा काळ असंच जगणं असतं, आणि सुरुवात बहुतेक वेळा किशोरवयात किंवा विशीच्या आसपास झालेली असते.

इथे एक शब्द फार गोंधळ घालतो, रॅपिड सायकलिंग. लोकांना वाटतं दिवसात चारदा मूड बदलला म्हणजे रॅपिड सायकलिंग बायपोलर. नाही हो, रॅपिड सायकलिंग म्हणजे वर्षात ४ किंवा जास्त एपिसोड.

म्हणून मी दोन प्रश्न कधीच चुकवत नाही. "त्या दिवसांत झोप किती होती आणि दुसऱ्या दिवशी दमायला झालं का?" आणि "बिनसायच्या आधीच्या तासाभरात काय झालं होतं?" पहिल्याचं उत्तर बायपोलरकडे बोट दाखवू शकतं, दुसऱ्याचं बॉर्डरलाइनकडे. अर्थात नेहमी इतकं सोपं नसतं, मेनियात माणूस आनंदी असण्याऐवजी नुसता चिडलेलाही असू शकतो, आणि दोन्ही आजार एकाच माणसात एकत्र असतात असंही होतं, तेव्हा दोन्हींचे उपचार लागतात. अजून एक, पुरुषांमध्ये बॉर्डरलाइन ओळखलंच जात नाही कितीतरी वेळा, मुलगा असेल तर "तापट आहे, बापावर गेलाय" म्हणून सोडून देतात.

बरं, लेबल कुठलं का असेना, उपचार तर करायचेच ना? इथेच खरा फरक पडतो. बायपोलरमध्ये औषध हा पाया आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी लिथियमचा परिणाम मांडला आणि आजही ते महत्त्वाचं औषध आहे, रक्तातली पातळी, थायरॉइड, किडनी यांच्या नियमित तपासण्या करत घ्यायचं. नुसतं अँटीडिप्रेसंट दिलं तर काही जणांना उलट मेनिया होऊ शकतो. थेरपीचं काम इथे औषधाला साथ देण्याचं, झोपेची वेळ सांभाळणं, एपिसोडची पहिली चाहूल ओळखायला शिकवणं, घरच्यांना तयार करणं. भर मेनियात असलेल्या माणसासमोर बसून बालपणीच्या जखमा उकलायच्या नसतात, तेव्हा सायकियाट्रिस्टला फोन लावायचा असतो.

बॉर्डरलाइनमध्ये थेरपी हाच पाया. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की खास या आजारासाठी म्हणून औषधं वापरू नयेत (सोबत डिप्रेशन वगैरे असेल तर त्याचं औषध वेगळं). लॅमोट्रिजिन या मूड स्टॅबिलायझरची तिथेच २७६ जणांवर चाचणी झाली, निकाल २०१८ ला आला, वर्षभरानंतर औषधात आणि प्लासिबोत (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीत) फरक दिसला नाही. म्हणून ती चार वर्षांची फाइल बघून माझा जीव तुटतो. व्हॅलप्रोएटसारखं मूड स्टॅबिलायझर, जे गरोदरपणात बाळाला धोक्याचं आहे, ते विशीतल्या मुलीला चुकीच्या निदानावर वर्षानुवर्षं चालू राहतं, आणि जे खरं उपयोगी आहे ते सुरूच होत नाही.

आता थेरपिस्टने वागायचं कसं. हे मी माझ्या चुकीवरून सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक क्लायंट होती (ओळख पटेल असं काही लिहीत नाही), मला तिची खूप कणव आली आणि मी म्हटलं, कधीही फोन कर. तिने केला. रात्री अकराला, दीडला, रविवारी, माझ्या सासूबाईंच्या श्राद्धाच्या दिवशी. दोन महिने मी उचलला, मग दमले, मग उचलणं बंद केलं, आणि तिसऱ्या महिन्यात तिला सांगितलं की तुला माझ्यापेक्षा जास्त अनुभवी माणसाची गरज आहे. नोंदवहीत मी लिहिलं होतं 'मॅनिप्युलेटिव्ह'. आज तो शब्द वाचवत नाही मला. तिची आयुष्यभराची भीती होती की लोक आधी जवळ घेतात आणि मग टाकून देतात, आणि मी नेमकं तेच करून दाखवलं, तेही मदत या नावाखाली.

बायपोलरच्या क्लायंटबरोबर माझ्याकडून हे झालं असतं तर वाईटच झालं असतं, पण त्याचा आजार त्यामुळे हलला नसता. बॉर्डरलाइनमध्ये थेरपिस्टबरोबरचं नातं हेच औषध असतं, त्यामुळे त्याचा डोस पहिल्या दिवशीच ठरवावा लागतो आणि मग तो पाळावा लागतो. आता मी सुरुवातीलाच सांगते, आठवड्यातून एकदा अमुक वेळ, फोन संध्याकाळी सात ते आठ, पंधरा मिनिटं, रात्री जिवाला धोका वाटला तर हा नंबर आणि हे हॉस्पिटल, मी सुट्टीवर जाणार असेन तर तीन आठवडे आधी सांगेन. माझ्याकडून वीस मिनिटं उशीर झाला तर मी आधी माफी मागते, आणि मग त्या वीस मिनिटांत तिला काय काय वाटलं ते दोघी मिळून बघतो. कितीतरी वेळा त्या सत्रात सर्वात जास्त काम होतं.

मर्यादा म्हणजे शिक्षा नाही, हे क्लायंटइतकंच थेरपिस्टलाही कळायला हवं. रागाच्या भरात लावलेली मर्यादा शिक्षाच असते.

आणि व्हॅलिडेशन, म्हणजे समोरच्याची भावना समजण्यासारखी आहे हे मान्य करणं, म्हणजे हो ला हो करणं नाही. "तू मेसेजची वाट बघत होतीस आणि उत्तर आलं नाही, तुला लहानपणी जे झालंय ते बघता पोटात गोळा येणारच" हे व्हॅलिडेशन. "हो, तो नालायकच आहे" हे नाही. आणि "एवढ्याशा गोष्टीवरून काय?" हे तर तिने घरी हजारदा ऐकलंय, त्यासाठी फी भरून आपल्याकडे येणार नाही ती.

'अटेन्शन सीकिंग' हा शब्द तर आपल्या टीम्समधून हद्दपार व्हायला हवा. स्वतःला इजा करणारी व्यक्ती त्या क्षणी असह्य झालेलं काहीतरी थांबवू बघत असते, त्याकडे शांतपणे, न घाबरता, न ओरडता बघायचं, धोका किती आहे ते सरळ विचारायचं, आणि आधी लिहून ठेवलेला प्लॅन काढायचा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात आत्महत्येचा विचार घुसत नाही.

बॉर्डरलाइनच्या थेरपीची सर्वात नावाजलेली पद्धत म्हणजे डीबीटी, डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, अमेरिकन सायकॉलॉजिस्ट मार्शा लिनहान यांची, पहिली चाचणी १९९१ ची. वैयक्तिक सत्र, गटात कौशल्यं शिकणं, गरजेला फोनवर मदत, आणि चौथा भाग जो आपल्याकडे सगळे विसरतात, थेरपिस्टची स्वतःची टीम जिथे तो आपला राग, भीती, थकवा बोलू शकतो. लिनहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं की किशोरवयात त्या स्वतः अशाच त्रासाने हॉस्पिटलमध्ये होत्या. आता अकोल्यात किंवा सांगलीत बसलेला काउन्सेलर म्हणेल, इथे कुठून आणू पूर्ण डीबीटी? त्याला मी टोरांटोचा अभ्यास सांगते, २००९ चा, १८० पेशंट, निम्म्यांना डीबीटी, निम्म्यांना नीट आखलेली साधी सायकियाट्रिक केअर, वर्षाने दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे ठरलेली रचना, आजाराची समज आणि सुपरव्हिजन (अनुभवी थेरपिस्टचं मार्गदर्शन) एवढं असेल तरी खूप होतं. सुपरव्हिजनशिवाय मात्र या क्लायंट्स घेऊ नका, दर पंधरा दिवसांनी एखाद्या सीनियरशी फोनवर बोललात तरी चालेल, पण एकट्याने नको.

निदान क्लायंटला सांगायचं की नाही, यावर आमच्यात अजून वाद होतात. मी सांगते. बायपोलरचं नाव डॉक्टर सहज सांगतात आणि बॉर्डरलाइनचं लपवतात, जणू शिवीच आहे, आणि मग ते तिला फाइलमध्ये किंवा नेटवर भलत्याच भाषेत सापडतं. सांगताना सोबत हेही सांगते की बॉस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलमधून निघालेल्या २९० पेशंट्सचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला, १० वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं निकषांच्या खाली आली आणि निदान दोन वर्षं खालीच राहिली. नोकरी, नाती धरून पूर्ण सावरणं याला जास्त वेळ लागतो, तिथे आकडा साधारण ५० टक्के होता, तेही लपवत नाही. एका मुलीने हे ऐकून विचारलं होतं, "मग मला आत्तापर्यंत कुणी का नाही सांगितलं?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

ज्यांना निदानाबद्दल शंका आहे त्यांनी पुढच्या अपॉइंटमेंटला चार आठवड्यांची वही घेऊन जा. रोज झोप किती तास, मूड किती वाजता बदलला, किती वेळ टिकला, त्याआधी काय झालं, कोणाशी बोलणं झालं, पाळीची तारीख, घेतलेल्या गोळ्या. घरच्यांनी वेगळी वही ठेवावी, तिची वही उघडून बघू नये. आणि त्या चार आठवड्यांत कधी फारच अंधारून आलं तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असतं, मराठीतून बोलता येतं.