‘चवदा सालचा’ सॅक्सोफोन

आर्वी तालुक्यातील एका गावात, लग्नसराई संपल्यावर, बँड पथकाच्या पेटीतला एक जुना अल्टो सॅक्सोफोन पाहायला मिळाला. पथकाच्या वयोवृद्ध मास्तरांनी वाद्याच्या पाठीवरचा ठसा दाखवला आणि ते म्हणाले, “चवदा सालचा हाय हा, भाऊ.” ठशात ८ डिसेंबर १९१४ ही तारीख खरोखरच होती. मात्र ती वाद्याच्या जन्माची नव्हे, पेटंटची. नळीच्याच पत्र्यातून छिद्रांचे काठ बाहेर ओढून काढण्याच्या पद्धतीचे ते पेटंट होते आणि अमेरिकेतील एल्कहार्टच्या कॉन कंपनीने पुढे कित्येक वर्षे हाच ठसा आपल्या सॅक्सोफोनांवर उमटवला. म्हणजे हे वाद्य १९१४ च्या आधीचे नाही, एवढेच त्यावरून कळते.

खरे वय सांगतो तो मागील बाजूस, अंगठ्याच्या हुकाजवळ कोरलेला अनुक्रमांक. तो निर्मात्याच्या याद्यांशी ताडून पाहावा लागतो. सर्वांत खालच्या दोन स्वरांची झाकणे वाद्याच्या खालच्या रुंद तोंडाच्या दोन विरुद्ध बाजूंना असणे, हीही जुनेपणाची खूण आहे. या दोन्हींवरून हे वाद्य १९२० च्या दशकातील ठरले. अनुक्रमांकाशेजारचे अक्षर तर त्याहून महत्त्वाचे. ‘एल’ असेल तर वाद्य ४४० हर्ट्झच्या आजच्या पट्टीतले. ‘एच’ असेल तर सुमारे ४५७ हर्ट्झच्या जुन्या चढ्या पट्टीतले, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळजवळ दोन-तृतीयांशाने वर. माउथपीस (तोंडात धरून फुंकायचा भाग) बाहेर ओढून हा फरक मिटत नाही. वरच्या स्वराच्या, समजा ३० सेंटीमीटरच्या, हवेच्या स्तंभात एक सेंटीमीटर वाढला तर ती तीन टक्क्यांहून अधिक वाढ होते, खालच्या स्वराच्या एक मीटरच्या स्तंभात मात्र एकच टक्का. त्यामुळे वरचे स्वर फार उतरतात आणि खालचे त्यामानाने थोडेच. सुदैवाने मास्तरांच्या वाद्यावर ‘एल’ होता. भजनी मंडळाच्या हार्मोनियमच्या पेटीशी (ती स्वतः उतरलेली नाही ना, हे आधी पाहून) ताडले, तेव्हा अल्टोचा लिखित ‘सी’ (कागदावर ‘सी’ म्हणून लिहिलेला स्वर) काळी दोनशी नीट जुळला.

दुरुस्ती म्हटली की पहिला हात चिंचेकडे जातो. घरच्या पितळी भांड्यांना ती चालते, कारण तिच्यातील आम्ल वरचा काळा थर विरघळवते. पण सॅक्सोफोनच्या चाव्यांच्या दांड्या आणि स्प्रिंगा पोलादी असतात, आणि तिथे शिरलेले आम्ल त्यांना गंज चढवते. चकाकीसाठी यंत्रावर घासणे त्याहून वाईट, कारण त्यात धातूच झिजतो आणि अनुक्रमांकाच्या अंकांच्या कडा बोथट होतात.

खरा प्रश्न हवेच्या गळतीचा असतो. अंधाऱ्या खोलीत गणपतीच्या सजावटीतील एलईडीची बारीक माळ नळीत सोडली आणि एकेक झाकण अगदी हलके दाबले. वरच्या भागातील एका झाकणाखालच्या पॅडच्या काठाशी केसाएवढी प्रकाशरेषा दिसली. तेवढ्या फटीने सर्वांत खालचे स्वर घोगरत होते आणि मध्येच वरच्या सप्तकात उडी घेत होते. हे स्वाभाविकच आहे, कारण सप्तक बदलणारी चावी तरी दुसरे काय करते? तीही एक लहानसे छिद्र उघडून मुद्दाम गळतीच घडवते.

पॅड म्हणजे कातड्यात गुंडाळलेली नमद्याची चकती. विदर्भाच्या उन्हाळ्यात कातडे कडक होते, पावसाळ्यात फुगते. पॅड झाकणाच्या वाटीत बसवण्यासाठी लाख वापरतात, पळसावरच्या किड्यांची तीच लाख, शुद्ध केलेली. वाटी हलकी तापवली की लाख मऊ होते आणि पॅड किंचित सरकवून सपाट बसवता येतो. छिद्राचा काठ वाकडा असला, तरी अशा बाहेर गोल वळवलेल्या काठावर कानस फिरवू नये. वळणच कापले जाते.

उरला माउथपीस, आणि सर्वाधिक चूक इथेच होते. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी असते. पण शंकूचे टोक छाटून तिथे माउथपीस बसवलेला असतो. त्या छाटलेल्या टोकातील हवेची जागा माउथपीसच्या पोकळीने, फुंकल्यावर थरथरणाऱ्या पत्तीच्या (रीडच्या) लवचिकपणासह, भरून काढायची असते. ती जागा कमी पडली की वरचे सप्तक चढते. जुन्या वाद्यांसाठी पोकळी मोठी व गोल असे. मास्तरांकडे मात्र अरुंद पोकळीचा, आतला उतार उंच असलेला नवा माउथपीस होता. ढोलताशांच्या वर आवाज काढायला असा माउथपीस उपयोगी पडतो, हे नाकारता येत नाही. तो धातूचा होता, म्हणूनच आवाज तिखट येतो, अशी मास्तरांची समजूत होती. वस्तुतः पदार्थापेक्षा आतल्या आकाराचा परिणाम कितीतरी मोठा असतो.

पेटीच्या तळाशी एबोनाइटचा एक जुना माउथपीस सापडला, उजेडाने हिरवट पडलेला. रबरातील गंधकामुळे तसे होते. गरम पाण्याने रंग आणखी बिघडतो, म्हणून थंड पाण्यानेच धुतला. त्यावर मध्यम पत्ती लावून खालचा आणि वरचा ‘सी’ हार्मोनियमच्या दोन्ही काळी दोनशी ताडला. आता दोन्ही सप्तके जुळली, आवाज मात्र बराच मऊ झाला. मास्तरांनी तो भजनासाठी ठेवला आणि वरातीसाठी धातूचाच राहू दिला.