वालचंद घराण्याचा विमान कारखाना हातचा गेला कसा?

बंगळुरूचा विमान कारखाना म्हटलं की लोक सरकारी कंपनी म्हणूनच बघतात, पण तो उभा केला सोलापूरच्या एका घराने, आणि दीड वर्षाच्या आत तो त्या घराच्या हातातून गेला. नाशिकला तेजस हे लढाऊ विमान उडालं तेव्हा पुन्हा सगळीकडे हा इतिहास फिरला, आणि त्यात 1942 चा भाग एका ओळीत उरकला होता, म्हणून हे लिहितोय.

वालचंद हिराचंद कोण ते सांगत बसत नाही. रेल्वेची कंत्राटं, बोगदे, बोटी, साखर हे सगळं आधीच झालं होतं. 1939 मध्ये प्रवासात एका अमेरिकन विमान व्यावसायिकाशी त्यांची गाठ पडली, तो चीनमध्ये विमानं जुळवायचा, आणि तिथून शेटजींच्या डोक्यात हे बसलं. म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवल द्यायची तयारी दाखवली, वीज होती, भद्रावतीचं पोलाद होतं, समुद्रापासून लांब असल्याने बॉम्बचीही धास्ती कमी. डिसेंबर 1940 मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. मार्च 1941 मध्ये तेव्हाचं ब्रिटिश केंद्र सरकार भागीदार झालं, 75 लाखांच्या भरणा भांडवलात तिघांचा समान वाटा, आणि त्याच वर्षी हार्लो नावाचं दोन आसनी ट्रेनर विमान तिथे तयार झालं. मोकळ्या माळावर सुरू केलेल्या कारखान्यासाठी हा वेग आजही थक्क करतो.

आता खरा वादाचा मुद्दा. एप्रिल 1942 मध्ये सरकारने वालचंद आणि इतर प्रवर्तकांचे शेअर विकत घेऊन कारभार आपल्याकडे घेतला. म्हैसूरने आपला वाटा विकला नाही, पण कारभारातला हक्क सोडून दिला. सरकारची बाजू अशी की सिंगापूर पडलंय, रंगून पडलंय, जपानी दारात आलेत, अशा वेळी भागीदारांना विचारत बसता येत नाही, आणि आत्ता नवीन विमानं बांधण्यापेक्षा लढणारी विमानं दुरुस्त करणं जास्त गरजेचं आहे. यात तथ्य होतंच. 1943 मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या कामाला जुंपला गेला, कॅटलिना जातीच्या उडत्या नौका बेलंदूरच्या तलावात उतरायच्या आणि तिथून ओढून ओव्हरहॉलला न्यायच्या.

पण माझ्या मते प्रश्न 1942 चा नाहीच, 1945 नंतरचा आहे. लढाई संपली, अमेरिकन गेले, कारण संपलं, तरी कारखाना उभारणाऱ्याला परत मिळाला नाही. तिथे रेल्वेचे डबे आणि बसच्या बॉड्या बनायला लागल्या, म्हणजे जे काम खाजगी कंपनीही करू शकली असती. आणि 1948 च्या औद्योगिक धोरणात विमान बनवायचे नवे कारखाने फक्त सरकारनेच काढायचे असं ठरलं, मग परतीची वाटच बंद झाली. युद्धाची अडचण म्हणून घेतलेला निर्णय स्वतंत्र भारताने धोरण म्हणून कायम केला, हे मला जास्त खटकतं. विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याचंही पुढे तेच झालं, 1952 मध्ये दोन तृतीयांश आणि 1961 मध्ये अख्खा सरकारकडे. मोटारींचा धंदा तेवढा घरात राहिला, प्रीमियर कंपनी 1944 मध्ये निघाली आणि कुर्ल्याच्या गाड्या तर आपण सगळ्यांनी पाहिल्यात.

सरकारी हातात कारखाना वाया गेला असंही कुणी म्हणू नये. 1951 मध्ये एचटी-2 हे आपल्याच डिझाईनचं ट्रेनर उडालं, आणि ते डिझाईन करणारे होते गडहिंग्लज भागातले डॉ. विष्णू घाटगे, जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. हे नाव कोल्हापूरकरांनासुद्धा माहीत नसतं याचं फार वाईट वाटतं. 1964 मध्ये दुसरी सरकारी विमान कंपनी यात विलीन होऊन आजची एचएएल म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली, नाशिकजवळच्या ओझरला मिग-21 आले, मग सुखोई, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तिथूनच तेजस मार्क 1ए उडालं.

घराण्याचं म्हणाल तर 1953 मध्ये शेटजी गेले आणि पुढे धंदे भावांच्या शाखांमध्ये वाटले गेले. विमानात ते परत आले नाहीत, पण इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात, जिथे साखरेची यंत्रं बनायची, तिथेच पुढे इस्रोच्या रॉकेटच्या मोटर केसिंग, म्हणजे इंधन भरायची बाहेरची कवचं, बनायला लागल्या, पीएसएलव्हीच्यासुद्धा. आणि खाजगी कंपनीने देशात अख्खं लष्करी विमान जुळवायची लाईन उघडायला ऑक्टोबर 2024 उजाडावं लागलं, तीही वडोदऱ्याला, टाटांची.