एकाला कळलं म्हणजे फर्मला कळलं

भागीदारी पत्र करून घ्यायला माझ्याकडे येणारे लोक पहिल्यांदा टक्केवारीचं बोलतात. कुणाचे साठ, कुणाचे चाळीस. कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, कोण लिहिणार आणि दुसऱ्याने ती कधी बघायची, हे कलम बहुतेक वेळा मलाच सुचवावं लागतं. तोट्यामुळे मोडलेल्या भागीदाऱ्या मी कमी पाहिल्या. “मला सांगितलंच नाही” या एका वाक्यावर मोडलेल्या पुष्कळ पाहिल्या. आमच्या मुंबईतले भागीदार एकमेकांना काय आणि कसं कळवत आले, हे म्हणूनच मागे जाऊन बघण्यासारखं आहे.

1805 साली चीनकडे निघालेल्या ‘ब्रन्सविक’ जहाजावर मुंबईचे पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय आणि जहाजाचे डॉक्टर विल्यम जार्डिन यांची ओळख झाली. ते जहाज फ्रेंचांनी पकडलं, पण ओळख टिकली. पुढे जार्डिन चीनमधल्या कॅन्टन बंदरात आणि जमशेटजी मुंबईत, असा दोघांचा व्यापार वर्षानुवर्षं पत्रांवर चालला. त्यात अफूही होती आणि तिने चीनमध्ये केलेली नासाडी विसरून या व्यापाराचं कौतुक करता येत नाही. मला महत्त्वाची वाटतात ती पत्रं. शिडाच्या जहाजातून पत्र पोचायला आठवडे लागत, तोवर भाव फिरलेला असे. म्हणून भाव, माल, गिऱ्हाईक, धोका, सगळं सविस्तर लिहावं लागे आणि पुढचा निर्णय समोरच्यावर सोडावा लागे. जमशेटजींच्या मुंबईतल्या पेढीतही जैन मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान महंमद अली रोगे हे भागीदार होते. तिघांचे धर्म तीन, पण धंदा एक.

1870 मध्ये समुद्राखालची तार मुंबईला आली, 1882 मध्ये टेलिफोन. वेग वाढला.

आपल्या माणसांतलं उदाहरण किर्लोस्कर बंधूंचं. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत आणि इथून सायकली घेऊन बेळगावला पाठवत. तिकडे रामूअण्णा त्या विकत, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. एकाच्या हातात खरेदी, दुसऱ्याच्या हातात विक्री. बेळगावात काय खपतंय हे मुंबईत कळल्याशिवाय असा धंदा चालणं शक्य नव्हतं.

कायदा यानंतर आला असं नाही. 1872 च्या करार कायद्यात भागीदारीवर एक प्रकरण होतंच. ते काढून 1932 चा स्वतंत्र भागीदारी कायदा झाला आणि आजही तोच लागू आहे. त्याचं नववं कलम मी प्रत्येकाला वाचून दाखवतो: भागीदारांनी एकमेकांशी न्यायाने आणि निष्ठेने वागायचं, खरा हिशेब द्यायचा, फर्मशी संबंधित सगळी माहिती पूर्ण द्यायची. बाराव्या कलमाने प्रत्येक भागीदाराला वह्या बघण्याचा, त्यांची नक्कल घेण्याचा हक्क दिला. रोजच्या कामातला मतभेद बहुमताने सुटतो, पण निर्णयाआधी प्रत्येकाला आपलं मत मांडू द्यावंच लागतं. धंद्याचं स्वरूप बदलायचं तर सगळ्यांची संमती हवी.

लोकांना ठाऊक नसतं ते चोविसावं कलम. धंद्यात नेहमी काम बघणाऱ्या भागीदाराला फर्मच्या कामाबद्दल सूचना मिळाली, की ती फर्मला मिळाली असं धरलं जातं. तुमच्या भागीदाराने नोटीस खिशात ठेवली आणि तुम्हाला सांगितली नाही, तरी बाहेरच्या जगासाठी ती तुम्हालाही मिळालेली असते. त्यात पंचविसावं कलम जोडा: फर्मच्या देण्याला प्रत्येक जण पूर्ण जबाबदार. पाती, म्हणजे तुमचा हिस्सा, रुपयात चार आण्यांची असली तरी धनको सोळा आणे तुमच्याकडे मागू शकतो. न सांगण्याची किंमत इतकी जड आहे. 2008 च्या एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीच्या, कायद्याने दुसऱ्याच्या गैरकृत्याचा बोजा आपल्या घरादारावर येण्यापासून वाचवलं. कळवण्याचं काम मात्र कुणाच्या डोक्यावरून उतरलं नाही.

लालबागला मसाल्याचं एक दुकान आहे, दोघांचं. रात्री शटर अर्ध्यावर आलं की एक जण कीर्दीतल्या नोंदी मोठ्याने वाचायचा, दुसरा पावत्यांवर खूण करायचा. दुसरा भांडुपला राहायला गेल्यापासून पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर जातो. एका रात्री फोटो आला नाही, तेव्हा तो सकाळची पहिली लोकल पकडून आला. पहिल्याला ताप भरला होता आणि पान कोरं होतं. दोघांनी गल्ल्यामागे बसून आदल्या दिवसाच्या पावत्या लावल्या, मग दुकान उघडलं.