लॉगिनमधला लाकडाचा तुकडा

पणजीहून बेतीला फेरीबोटीने जाताना शेजारचे गृहस्थ कौतुकाने सांगत होते, "मुलाचं जहाज ताशी २० नॉट धावतं." गोव्यात घरोघरी कुणी ना कुणी जहाजावर असतो, तरी हा 'ताशी' सगळीकडे ऐकू येतो. नॉटमध्ये तास आधीच आला. १ नॉट म्हणजे तासाला १ सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. २० नॉट म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटर.

नॉट म्हणजे गाठ, आणि ती खरोखरच जहाजाचा वेग मोजायच्या दोरीला मारलेली असे. दोरीच्या टोकाला असे लॉग, म्हणजे लाकडाचा तुकडा. आकार पाव वर्तुळाचा. गोल कडेला शिसं ठोकलेलं, त्यामुळे तो पाण्यात उभा राहतो. दोरी त्याला तीन कोपऱ्यांत बांधलेली. तुकडा ओढला जाऊ लागला की त्याच्या सपाट बाजूवर पाण्याचा रेटा बसतो; ओढण्याचा वेग दुप्पट, तर रेटा चौपट. जहाजावरचं दोरीचं रीळ मात्र सैल फिरतं. म्हणून तुकडा जवळजवळ जागीच राहतो, जहाज पुढे जातं आणि दोरी सुटत जाते. गाठी दर ४७ फूट ३ इंचांवर, म्हणजे १४.४ मीटरवर. वाळूचं घड्याळ २८ सेकंदांचं. तेवढ्या वेळात हातातून जितक्या गाठी सरकल्या, तितके नॉट! २८ सेकंदांत १४.४ मीटर ही चाल तासभर टिकली, तर अंतर भरतं जवळपास १,८५२ मीटर. मोजून झाल्यावर दोरीला हिसका द्यायचा. तुकड्यातली एक खुंटी निसटते, तुकडा आडवा होतो आणि अलगद ओढून घेता येतो. मला ही खुंटी फार आवडते.

युरोपातले खलाशी वारा बांधलेल्या गाठीही विकत घेत, सोडली की वारा सुटेल या आशेने. वारा सुटतो तो हवेच्या दाबातल्या फरकामुळे. दोरी तीच, पण मोजण्यासाठी मारलेली गाठच कामाला आली.

हे आकडे ज्या वहीत उतरवत ती लॉगबुक. संगणकाने नोंदवहीची कल्पना तिथूनच उचलली. आपलं रोजचं लॉगिन त्यातूनच आलं. गणितातला लॉग मात्र वेगळा, तो ग्रीक शब्दांवरून बनलेला.

लॉग वेग सांगतो तो पाण्याच्या तुलनेत. ओहोटीच्या वेळी मांडवीच्या मुखाकडे निघालेल्या होडीने लॉग टाकला, तर समजा ५ नॉट दिसतील. पाणीच २ नॉटने समुद्राकडे वाहत असेल, तर काठावरच्या माणसाला होडी ७ नॉटने जाताना दिसेल. जीपीएसही ७ च दाखवेल. म्हणून पाण्यातला वेग मोजणारं यंत्र आजही जहाजावर वेगळं असतं, आणि त्याला अजून स्पीड लॉगच म्हणतात.